गार उताणी की पालथी?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मी इंग्रजांच्या बाजूने लढतो. मॅसॅच्युसेट्समध्ये दर एप्रिलात १७७५ची लेक्सिंग्टनची लढाई पुन्हा लढतात, आणि लाल कोटात शिरायला फारसं कुणी तयार नसतं. कोट मला छान बसतो. बसत नाही ती ब्राऊन बेस या त्या काळच्या इंग्रजी बंदुकीच्या घोड्यातली गार, म्हणजे चकमकीचा दगड.

लांबून वाटतं, जबड्यात दगड धरला, स्क्रू आवळला, झालं. पण नुसत्या पोलादात आवळली तर गार तडकते, आणि सैल सोडली तर पहिल्याच ठोक्याला मान फिरवते. म्हणून मध्ये अस्तर लागतं, चामड्याचं किंवा शिशाच्या पत्र्याचं. शिसं करपत नाही, पण मी चामडंवाला. माझ्या तुटक्या कोल्हापुरीच्या पट्ट्याचा तुकडा सध्या इंग्रजांच्या राजाच्या, तिसऱ्या जॉर्जच्या सेवेत आहे.

आमचे सार्जंट निवृत्त दंतवैद्य. त्यांच्या मते गार कवळीसारखी बसली पाहिजे: हलता कामा नये आणि टोचताही कामा नये. रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्या चापावर, म्हणजे अर्धाच मागे ओढून, ठेवून ते एक डोळा मिटून बघतात. धार समोरच्या पोलादी पट्टीला समांतर हवी, जवळ हवी, पण टेकलेली नको. एक कोपरा पुढे आला की तो एकटाच घासतो, बाकीची धार बघत बसते. ठिणग्या तरी कुठे दगडाच्या असतात? गार पोलाद खरवडते आणि तेच तापलेले कण रंजकात, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूत, पडतात. श्रेय मात्र दगडाला. (आमच्या ऑफिसातही हीच पद्धत.)

एवढं जमवून चार बार काढले की चामडं दबतं आणि गार पुन्हा डुलायला लागते. पुन्हा स्क्रू.

मग येतो खरा वाद. गारेची उतरती बाजू वर ठेवायची (उताणी) की खाली (पालथी)? उताणे आणि पालथे एकमेकांबरोबर जेवतात, पण नाइलाजाने. सार्जंट सांगतात, ज्या बाजूने धार पट्टीच्या वरच्या भागाला लागेल ती बाजू खरी, बंदूक बघून ठरवा. इतकं समजूतदार उत्तर दोन्ही पंथांना मान्य नाही.

परवाच्या सरावात ‘फायर!’ झालं आणि माझ्या शेजाऱ्याची गार उडून गवतात गेली. अख्खी इंग्रज फौज ओणवी झाली. समोरून एक बंडखोर शेतकरी बंदूक खाली ठेवून आला, खिशातून चष्मा काढून शोधायला लागला आणि त्यालाच ती सापडली. हातात धरून, परत द्यायच्या आधी, त्याने कडक आवाजात विचारलं, “उताणी लावली होती ना?”