क्रेडिट कार्ड: अर्ज का फेटाळला जातो आणि पॉइंटची खरी किंमत किती

"सिबिल ७८०, तरी कार्ड नाकारलं. बँकेचं डोकं ठिकाणावर आहे का?" अशा पोस्ट हल्ली सतत दिसतात. आहे, बँकेचं डोकं ठिकाणावर आहे. तिने तुमचा स्कोअर पाहिला, ठीक म्हटलं आणि मग बाकीचं पाहिलं. ते बाकीचं काय, यावर फारसं कोणी लिहीत नाही. सगळे "बेस्ट कार्ड कुठलं" यातच अडकलेले असतात.

स्कोअर म्हणजे उधारी फेडण्याच्या तुमच्या इतिहासाला क्रेडिट ब्युरो (सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) देतात तो गुण. तो ३०० ते ९०० या पट्टीत असतो. ७५० च्या वर असला की बहुतेक बँका फाइल पुढे ढकलतात, एवढंच त्याचं काम. पुढची चाळणी ज्या त्या बँकेची. वय बघतात (नोकरदारांना साधारण २१ ते ६०, व्यवसायवाल्यांना ६५ पर्यंत), हातात येणारा पगार बघतात, तुमची कंपनी त्यांच्या यादीत कुठल्या गटात आहे ते बघतात, त्याच बँकेचं आधीचं कार्ड किंवा कर्ज किती आहे ते बघतात. आणि पिनकोड! तालुक्याच्या गावात हा प्रकार फार. शाखा चौकात, बचत खातं दहा वर्षांचं, पण कार्ड विभागाच्या यादीत तो पिनकोडच नाही. शाखेतल्या मॅनेजरशी भांडून उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नसतं.

त्यात १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या उधारीचं रिस्क वेट (जोखमीचा भार) बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के केलं. म्हणजे विनातारण दिलेल्या त्याच रुपयामागे बँकेला जास्त भांडवल अडकवावं लागतं. त्यामुळे काठावरच्या अर्जांना हो म्हणणं बँकेला महाग पडू लागलं.

आता नाकारण्याची कारणं. पहिलं म्हणजे हप्ते. हातात ६०,००० येतात, घराचा हप्ता २४,०००, गाडीचा ९,०००. म्हणजे ५५ टक्के पगार आधीच बांधलेला. साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या वर गेलं की बँकेची सिस्टिमच नाही म्हणते, माणसापर्यंत फाइल जातच नाही. काही बँका तर तुमच्या जुन्या कार्डांवरच्या थकबाकीचे ५ टक्केही हप्ता म्हणून मोजतात.

दुसरं, एन्क्वायरी. प्रत्येक अर्जाची ब्युरोकडच्या तुमच्या रिपोर्टमध्ये नोंद पडते. एकाने नाकारलं म्हणून त्याच आठवड्यात आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकणं ही सगळ्यात हमखास चूक, कारण चौथ्या बँकेला दिसतं ते एवढंच की हा माणूस उधारीसाठी दारोदार फिरतोय. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर मात्र काही बिघडत नाही. नकार आला की किमान तीन, शक्यतो सहा महिने थांबा आणि तेवढ्यात कारण दुरुस्त करा.

तिसरं कारण आपल्याकडे खास: जामीन. भाऊबंदांपैकी कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या कर्जाला, नागरी सहकारी बँकेत, "फक्त सही कर रे" म्हणून जामीनदार झालेलं असतं. ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. त्याने हप्ते चुकवले की डाग तुमच्या नावावर. याच्या उलट बाजू पतसंस्थेची. पंधरा वर्षं पतसंस्थेत कर्ज घेतलं, एक हप्ता चुकवला नाही, पण बहुतेक पतसंस्थांची माहिती क्रेडिट ब्युरोकडे जातच नाही. त्यामुळे इतका चोख माणूसही बँकेला कोरी पाटी दिसतो. रिपोर्टवर स्कोअरच्या जागी उणे एक किंवा 'एनएच' दिसलं तर त्याचा अर्थ वाईट इतिहास नव्हे, इतिहासच नाही.

आणि 'सेटल्ड'. जुन्या कार्डाचे ४८,००० थकले होते, वसुलीवाल्याने २०,००० वर मिटवलं, आनंदीआनंद. रिपोर्टमध्ये मात्र 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं, आणि माझ्या मते नवं कार्ड मिळण्यात याच्याएवढा मोठा अडसर दुसरा नाही. उरलेली रक्कम भरून, बँकेकडून नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) घेऊन ती नोंद बदलून घ्यावी लागते.

यानंतर येतात क्षुल्लक वाटणारी कारणं, ज्यांच्यामुळे मंजूर होण्यासारखे अर्जही पडतात. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये पूर्ण, आधारवर फक्त आद्याक्षर. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं, पॅनवर माहेरचंच. आधारचा पत्ता गावचा आणि राहणं हिंजवडीत भाड्याने. अशा वेळी पडताळणीसाठी माणूस घरी येतो, दारावर घरमालकाच्या नावाची पाटी असते, खाली वॉचमनला विचारतो, वॉचमन म्हणतो "या नावाचं कोणी नाही". अर्ज तिथेच संपला. रजिस्टर्ड भाडेकरार सोबत जोडा, वॉचमनला नाव सांगून ठेवा आणि त्या आठवड्यात अनोळखी नंबरचे फोन उचला. फोन न उचलणं हेही नकाराचं कारण असतं.

अर्जाआधी करायचं ते असं. चार ब्युरो आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. किमान दोन काढा, कारण बँक कुठला बघेल ते आपल्याला ठाऊक नसतं. चुकीची नोंद असेल तर तक्रार टाका. ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. जुन्या कार्डाचा वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत दिसला पाहिजे. यातली खुबी अशी की ब्युरोकडे सहसा स्टेटमेंटची रक्कम जाते. त्यामुळे मोठी खरेदी झाली असेल तर शेवटच्या तारखेची वाट न बघता स्टेटमेंट निघण्याआधीच थोडे पैसे भरून टाका.

पहिलं कार्ड पगार जमा होतो त्या बँकेतच मागा. नेटबँकिंगमध्ये प्री-अप्रूव्हड ऑफर दिसत असेल तर कागदपत्रांचा अर्धा त्रास वाचतो. दुसऱ्या बँकेत जायचं तर 'कार्डावर कार्ड' ही वाट आहे: आधीच्या कार्डाचं लिमिट आणि वर्षभराची स्टेटमेंटं दाखवायची, पगाराच्या स्लिपा नाहीत. व्यवसाय असेल तर दोन वर्षांची रिटर्न्स लागतात, आणि कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलं असेल तर बँकही तेवढंच धरणार. कोऱ्या पाटीवाल्यांनी सरळ एफडीवर कार्ड घ्यावं. २५,००० ची एफडी, त्यावर साधारण ७५ ते ९० टक्के लिमिट, उत्पन्नाचा पुरावा सहसा लागत नाही, एफडीचं व्याज चालूच. वर्षभर नीट वापरलं की स्कोअर तयार होतो. लोकांना यात कमीपणा का वाटतो हे मला कळत नाही. गृहिणी, निवृत्त माणसं, शेतीचंच उत्पन्न असलेले, यांच्यासाठी याहून सोपा रस्ता नाही.

अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायला बँक बांधील आहे. "बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार" एवढ्यावर गप्प बसू नका, नेमकं कारण ईमेलवर मागा.

आता फायद्यांकडे. इथे माझं मत जरा कडू आहे: बहुतेक लोक पॉइंट मोजतात, रुपये मोजत नाहीत.

एक कार्ड घ्या. वार्षिक फी २,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,९५०. दर १५० रुपयांना ४ पॉइंट. वर्षाचा खर्च ३ लाख, म्हणजे ८,००० पॉइंट. ऐकायला भारदस्त. पण पॉइंट बँकेच्या पोर्टलवरून विमानाच्या तिकिटाला वापरला तर ५० पैसे, बिलात वळता केला तर २० पैसे, असा फरक प्रत्यक्षात असतो. म्हणजे ४,००० किंवा १,६००. आता त्या ३ लाखांतून भाडं, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेले असे १ लाख २० हजार वजा करा, कारण यावर पॉइंट मिळत नाहीत. उरले ४,८०० पॉइंट, म्हणजे २,४०० किंवा ९६० रुपये. २,९५० भरून! एवढ्याच १ लाख ८० हजारांवर सरसकट १ टक्का कॅशबॅक देणारं बिनफीचं कार्ड १,८०० देऊन जातं. वर 'दर १५० ला' याचा अर्थ १४९ च्या बिलाला शून्य, आणि वळते करताना काही बँका ९९ रुपये अधिक जीएसटी लावतात ते वेगळंच.

फी माफीच्या अटीतही हीच गोम. "२ लाख खर्च करा, फी माफ" असं लिहिलेलं असतं, पण भाडं, पेट्रोल, हप्त्यांत बदललेली खरेदी बऱ्याचदा त्या २ लाखांत धरत नाहीत, आणि परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. १ लाख ९६ हजारांवर वर्ष संपलेले लोक दर मार्चमध्ये कस्टमर केअरशी हुज्जत घालताना दिसतात. त्यात, कार्डाचं वर्ष मार्चला संपत नाही, कार्ड दिलं त्या तारखेला संपतं.

विमानतळावरच्या फुकट लाउंजचं आता बहुतेक कार्डांवर मागच्या तिमाहीच्या खर्चाशी जोडलंय. दिवाळीला ऑक्टोबरमध्ये विमानाने जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबरचा खर्च मोजतात, ऑक्टोबरचा नाही. कार्डासोबत प्रायोरिटी पास (लाउंज प्रवेशाचा वेगळा पास) मिळाला म्हणून मुंबई विमानतळावर वापरायला जाऊ नका. तो परदेशातल्या लाउंजसाठी, इथे वापरला तर बऱ्याच कार्डांवर पैसे लागतात.

पेट्रोलची १ टक्का सरचार्ज माफी: २,००० च्या पेट्रोलवर २० रुपये आणि जीएसटी ३.६० लागतो, परत येतात २०. ही बक्षिसी नाही, स्वतःच लावलेला आकार परत देणं आहे. 'नो कॉस्ट ईएमआय' चंही तसंच. व्याजाएवढी सूट मिळते, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडेच राहते.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी एक लक्षात ठेवावं. सर्वसाधारण कार्डावर परकीय चलनातल्या खरेदीला ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, जीएसटीसह ४.१३ टक्के. लाखाला ४,१३०. तिथल्या दुकानदाराने "रुपयांत घेऊ की दिरहममध्ये?" विचारलं तर दिरहमच सांगा. रुपयांत घेतलं की त्याचा फुगवलेला दर वेगळा लागतो.

रूपे कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय मला आवडते, पण दोन मर्यादा आहेत: पैसे व्यक्तीला पाठवता येत नाहीत, त्यामुळे भाजीवाल्याने स्वतःच्या खात्याचा साधा क्यूआर लावला असेल तर चालत नाही, व्यापारी क्यूआरच लागतो. आणि अशा पेमेंटवर बऱ्याच बँका कमी पॉइंट देतात किंवा देतच नाहीत.

हे सगळे फायदे एका चुकीत धुऊन जातात. ५ जुलैला ४०,००० ची खरेदी, २० जुलैला स्टेटमेंट, ९ ऑगस्ट शेवटची तारीख. तुम्ही 'मिनिमम' २,००० भरले. व्याज दर महिना ३.६ टक्के. व्याज ९ ऑगस्टपासून नाही, ५ जुलैपासून लागतं: ४०,००० वर ३५ दिवसांचे सुमारे १,६५७, मग ३८,००० वर ११ दिवसांचे ४९५, वर जीएसटी ३८७. २० ऑगस्टचं स्टेटमेंट ४०,५३९ चं. दोन हजार भरून देणं ५३९ ने वाढलं. आणि या काळात केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. एखाद्या महिन्यात पूर्ण रक्कम भरता येणार नसेल तर तो खर्च स्टेटमेंटआधी हप्त्यांत बदलून घ्या. महाग आहे, पण यापेक्षा खूपच स्वस्त.

फायदे कायमचे नसतात हेही गृहीत धरा. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला १ लाख खर्च केला की २५,००० पॉइंट मिळायचे. ते सप्टेंबर २०२३ पासून बंद झाले, आणि फी १०,००० ची १२,५०० झाली. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही, वर्षातून दोनदा वापरून मोकळे व्हा. शुल्क वाढवायचं तर बँकेने महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि त्या कारणाने कार्ड परत केलं तर जादा आकार घेता येत नाही.

कार्ड बंद करायचं तर आधी पॉइंट वापरा, वीजबिल, ओटीटीसारखे ऑटो-पे काढा, बाकी शून्य करा आणि विनंती ईमेलवर करा म्हणजे तारीख राहते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला. न मागता कार्ड दिलं आणि आकार लावले तर ते परत, शिवाय त्याच्या दुप्पट दंड. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही. बँकेला पाठवलेल्या ईमेलची प्रत आणि तिने दिलेला तक्रार क्रमांक मात्र सोबत जोडा.