बेदुइन काळा झगा घालतात, मग तुम्हाला काय होतंय?

पदवीदानाचे दिवस आले की एक मजकूर हमखास फिरतो: ‘बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, भर वाळवंटात काळे झगे घालतात. काळ्या कपड्यात गरम होत नाही, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. मग तासाभराच्या गाऊनची कसली तक्रार? आणि गाऊन गेला की समारंभाची शान काय उरली?’

हे ‘विज्ञान’ म्हणजे १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला एक छोटा शोधनिबंध. प्रयोग इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, असंच त्यात आढळलं. फक्त ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत निघून जाते, म्हणून काळा घाला की पांढरा, अंगाला लागणारी उष्णता सारखीच. सारखीच, कमी नव्हे! तीही झगा सैल आणि आत हवा खेळती असल्यामुळे. शिवाय तिथली हवा कोरडी, घाम आला की उडून जातो.

आपला गाऊन बहुतेकदा भाड्याचा, पॉलिस्टरचा. आत शर्ट, टाय, ब्लेझर, नाहीतर काठपदराची साडी. कुठला बेदुइन आत ब्लेझर घालतो? मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत घाम उडत नाही, पाठीवरून ओघळत राहतो.

‘तासाभराचा’ हे लिहिणारे बहुधा व्यासपीठावर पंख्याखाली बसत असावेत. मुलांना गाऊन चढवून आधी रांगेत उभं करतात, मग पाहुण्यांची वाट, भाषणं, शेवटी फोटो.

राहिली शान. विश्वभारतीच्या पदवीदानात सप्तपर्णीची पानं देतात, ती घेताना कुणाला कमीपणा वाटल्याचं ऐकिवात नाही. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र वकिलांना काळ्या कोटाची सक्ती नसते. कोर्टाचा दबदबा तेवढ्याने कमी होत नाही.

गाऊनच्या विरोधकांचंही एक चुकतं. २०१० च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेत तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भर समारंभात गाऊन उतरवला, तो वसाहतवादाचा रानटी अवशेष म्हणून. २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने केंद्रीय वैद्यकीय संस्थांना काळा झगा बदलायला सांगितलं, तेही याच कारणाने. मग वाद गुलामगिरीवर रंगतो आणि घाम बाजूला राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये समारंभासाठी हातमागाचं कापड वापरा असं सुचवलं होतं, त्यात आपल्या उष्ण, दमट हवेचा विचार तरी होता. सुती, बिनअस्तराचा गाऊन आणि सकाळची वेळ एवढं केलं, तर गाऊन ठेवायलाही माझी हरकत नाही.