मुलांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोरांनी घरात दुकान मांडलं की मोठ्या माणसांना लगेच तिथं मालक व्हायची घाई का होते?

लेकीने सध्या पुस्तकं भाड्याने द्यायचं दुकान काढलंय. पलंगावर तिची स्वतःची पुस्तकं, पाठकोऱ्या कागदाच्या पावत्या, जुन्या बटणांचे पैसे. लहान बटण म्हणजे एक, मोठं म्हणजे पाच. आज घरी आलेल्या एका काकांनी तिचा दराचा कागद वाचला आणि म्हणाले, "अगं, जाड पुस्तक महाग असतं, पातळ स्वस्त. उलटंच लिहिलंयस तू." खिशातून पेन काढलं आणि आकडे दुरुस्त केले. मग 'दोन घ्या, एक मोफत' अशी पाटी लिहून दिली. वर विचारलं, "मग आज फायदा किती झाला?" लेक एक शब्द बोलली नाही. बटणांचा डबा तिथेच ठेवून आत निघून गेली.

उलटं काहीही नव्हतं! पातळ पुस्तकं एका बैठकीत संपतात, म्हणून धाकटा आणि शेजारची पोरं सारखी तीच मागतात. जाड पुस्तकांना कुणी हात लावत नाही. मागणी आहे त्याचा भाव चढा, हे तिने गिऱ्हाइकं बघून स्वतःच ठरवलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात हेच असतं हो, आणि ते पेनाच्या दोन फराट्यांत खोडून टाकलं.

हिशेब यायला हवा, मान्य. पण तो येतोच. परवा मी तीन बटणांचं पुस्तक घेतलं आणि पाचचं मोठं बटण दिलं. तिने वजाबाकी वगैरे काही मांडली नाही. पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली "तीन", मग एकेक लहान बटण तळहातावर ठेवत "चार, पाच". मुरलेले दुकानदार सुट्टे असेच परत देतात. मी "पाचातून तीन गेले किती?" असं विचारलं असतं, तर त्या क्षणी दुकान बंद होऊन शाळा सुरू झाली असती.

काका वाईट नाहीत. प्रेमानेच करत होते, तेही कळतं. आपल्याशी लहानपणी कुणी असं खेळायला बसलं नाही, म्हणून नातवंडांच्या वयाची पोरं दिसली की काय काय शिकवू असं होतं त्यांना. वेळ काढून पलंगाशी बसले, हेही थोडं नाही.

पण तरीही नाही! खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात, कलम 31 मध्ये लिहून ठेवावा लागलाय, तो काही उगाच नाही. मुलाच्या हातातला खेळ आपण फार सहज काढून घेतो. कधी शिकवायच्या नावाखाली, कधी कौतुकाच्या. 'आमची छोटी उद्योजिका' म्हणून फोटो टाकायचे, मग कुणीतरी म्हणणार खरे पैसे लावा, कुणी म्हणणार खरा माल विका. अरे, ते लुटुपुटूचं आहे म्हणूनच तर तिथे चुकीचा भाव लावून बघता येतो. बुडालं तर बटणं बुडतील.

मदतच करायची असेल तर चांगलं गिऱ्हाईक व्हा. दाराशी उभे राहा, रांग असेल तर थांबा. भाव करा. दुकानात नसलेली वस्तू मागा. "कालचं पुस्तक फाटकं निघालं" म्हणून तक्रार घेऊन जा आणि ती काय करते बघा. सामान लागलं तर पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी आणून द्या आणि बाजूला व्हा. दराच्या कागदावर जे लिहिलंय ते द्या. परवडत नसेल तर तसं सांगा, भाव उतरवायचा की नाही ते तिचं ती ठरवेल.