पद्मिनीचे बुश आणि ‘ढिले सोडलेले बोल्ट’ : गॅरेजतर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार देऊन लिहिलेला रिव्ह्यू वाचला. पुढची खडखड घालवायला बुश बदलून चार दिवसांत देतो म्हटलेली आपली पद्मिनी नवव्या दिवशी मिळाली आणि मधल्या काळात आमच्याकडून एकही फोन गेला नाही, ही चूक आमचीच. घरात लग्न, दारात गाडी नाही, आपली किती धावपळ झाली असेल ते समजतं. मनापासून माफी मागतो.

पण रिव्ह्यूतलं एक वाक्य मला झोपू देत नाही. आपण लिहिलंय, “पुढच्या आर्मचे बोल्ट आवळायला विसरले होते, मी स्वतः बोटांनी फिरवून पाहिले, माझं लक्ष गेलं म्हणून जीव वाचला.” (आर्म म्हणजे चाक गाडीला जोडून ठेवणारा लोखंडी दांडा.) सोबत फोटोही टाकलाय. साहेब, वडिलांनी 1979 साली रास्ता पेठेत हे गॅरेज टाकलं, तेव्हापासून आमच्याकडून ढिल्या बोल्टची एकही गाडी बाहेर पडलेली नाही. बाकी काहीही म्हणा, हे म्हणू नका. ज्याला यातलं माहीत नाही तो हे वाचून गाडी आणणारच नाही. एका अँबॅसेडरवाल्यांचं काम ठरलेलं होतं, त्यांनी परवा “जरा थांबतो” म्हणून कळवलं. माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत.

ते बोल्ट ढिले होते, ही गोष्ट खरी आहे. पण ते मुद्दाम ढिले ठेवले होते. कारण सविस्तर सांगतो.

रबरी बुश, ज्याला आपण सायलेंट ब्लॉक म्हणतो, तो बेअरिंगसारखा गरगर फिरत नाही. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसते. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडली जाते. चाक वर-खाली होतं तेव्हा फिरतं ते मधलं रबर, तेही पीळ पडल्यासारखं थोडंसं, आणि मग परत जागेवर येतं. आता गाडी घोडीवर असताना, म्हणजे चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबराला वाटतं आपली जागा हीच. गाडी खाली घेतली की पूर्ण वजनाचा पीळ त्या रबरावर बसतो आणि गाडी नुसती उभी असली तरी तो सुटत नाही. पुढचा भाग थोडा उचललेला दिसतो आणि रबर काही महिन्यांत फाटतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, माल हलका होता.

म्हणून बुश बसवले की आम्ही बोल्ट फक्त हातानं लावतो. गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, चाकांवर उभी करतो, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडतो, स्प्रिंग आपल्या जागी बसू देतो आणि मग खाली उतरून टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, शेवटचं आवळतो. आमचे मिस्त्री पाना घ्यायला आत गेले, नेमके तेव्हा आपण आलात. आपणच काढलेला फोटो मोठा करून पाहा. टायर खाली जमिनीवर दबलेला स्पष्ट दिसतो. विसरलोच असतो तर गाडी पिटवर कशाला घेतली असती? काम झाल्यावर प्रत्येक नटावर आम्ही पिवळ्या रंगाची रेघ मारतो, अर्धी नटावर, अर्धी ब्रॅकेटवर, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. आपल्या गाडीवर त्या सगळ्या रेघा आहेत. कुठल्याही मिस्त्रीला खाली वाकून बघायला सांगा. रेघ तुटलेली दिसली तर बिलाचे पूर्ण पैसे परत करतो.

हे त्या दिवशी आपल्याला नीट समजावून सांगायला हवं होतं, हे मान्य. मिस्त्री “आम्हाला कळतं” एवढंच बोलले. त्यांना मी बोललो आहे. पण आपणही चारचौघांसमोर “तुम्हाला काय अक्कल आहे” असं म्हणालात, साहेब. त्यांचं वय बासष्ट आहे. कित्येक वर्षांपासून ते या गाड्या खोलतायत.

आता उशीर का झाला ते. आपण ऑनलाइन मागवलेले लाल पीयूचे (पॉलीयुरेथेन, म्हणजे कडक प्लॅस्टिकसारख्या मालाचे) बुश आणून दिलेत आणि आम्ही ते बसवले नाहीत, याचाही राग रिव्ह्यूत आहे. मी ते आपल्यासमोर व्हर्नियरनं मोजून दाखवले होते. आतल्या नळीवर अर्धा मिलिमीटर ढिले होते. पीयू वाईट असतं असं मी म्हणत नाही. ते टिकतं, रॅलीवाले लावतात. पण पीयू रबरासारखं पीळ घेत नाही, ते नळीवर घासत फिरतं. त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, ते सुकलं की करकर सुरू होते. शिवाय ते कडक. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी. आपल्या गाडीच्या पुढच्या भागात जुनं वेल्डिंग आहे, ते आपल्यालाही माहीत आहे. कडक बुश लावले तर पुण्यातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरचा दणका थेट त्या वेल्डिंगवर जाणार. आपल्याला शर्यत खेळायची नव्हती. नवरा-नवरीला कोथरूडहून हडपसरला न्यायचं होतं.

म्हणून रबर घ्यायचं ठरवलं. ते आपल्याला विचारूनच. नाना पेठेतून जुन्या स्टॉकचा सेट आणला. पाकीट अगदी कोरं, पण व्हाइसमध्ये धरून थोडा दाबला तर कडेला केसासारख्या भेगा उघडल्या. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, पाकीट बघून ते कळत नाही. तोच सेट बसवून चौथ्या दिवशी गाडी दिली असती तर आपण पाच स्टार दिले असते, आणि पावसाळ्यापर्यंत खडखड परत आली असती. मी तो परत केला. भोसरीत एका मोल्डिंगवाल्याकडे पद्मिनीच्या बुशची डाय (साचा) आहे, त्याच्याकडून ताजे करून घेतले. साधारण 65 शोअरचं (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) रबर, दोन बोटांत दाबलं तर किंचित दबेल आणि लगेच परत येईल असं. त्यात पाच दिवस गेले. फोन मात्र करायला हवा होता, तो राहिला.

पैशांचं थोडक्यात. 8,800 मधले 2,600 बुशचे, 700 बाहेर अलाइनमेंटचे, बाकी मजुरी. जुन्या नळ्या आर्ममध्ये गंजून चिकटल्या होत्या. गॅसनं जाळून पाच मिनिटांत निघतात, पण त्यानं आर्म खराब होतो, म्हणून करवतीच्या पात्यानं आतून चिरून, मग प्रेसवर काढल्या. एका आर्मला अर्धा दिवस लागला. “रबराच्या तुकड्यांचे एवढे पैसे” असं वाचल्यावर वाईट वाटतं.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. शेवटी आपण लिहिलंय की तिसऱ्या दिवशी मागून कुचकुच आवाज आला, वॉशिंग सेंटरवाल्यानं खालून ऑइल मारलं आणि “दोन मिनिटांत, फुकटात” तो थांबला. मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलचे, म्हणजे त्या पाटा गाडीला जोडणाऱ्या कडीचे, बुश बदला असं मी सांगितलं होतं, आपण “नंतर बघू” म्हणालात. बिलावर तसं लिहिलेलं आहे. आवाज बहुतेक तिथलाच असणार. पण त्यानं ऑइल सगळीकडे मारलं असेल तर ते पुढच्या नव्या बुशवरही गेलंय. नैसर्गिक रबराला डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस चालत नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटायला लागतं.

यापुढे काम लांबलं तर आम्ही नक्की कळवू, आणि बाकीच्याही काही गोष्टींत सुधारणा करतो आहोत. पण त्याआधी एक विनंती. राग राहू द्या, स्टारही राहू द्या, पण या आठवड्यात गाडी घेऊन या. साबणाच्या पाण्यानं खालून स्वच्छ धुऊन देतो, पुढचे चारही बुश तपासतो आणि मागचे शॅकलचे बुश फक्त मालाच्या किमतीत टाकून देतो. मजुरी घेणार नाही. जुने काढलेले बुश आपल्या गाडीचा नंबर लिहून पिशवीत ठेवलेत, तेही बघता येतील. यायला जमत नसेल तर निदान आज संध्याकाळी घरीच साध्या साबणानं ते ऑइल धुऊन टाका. त्यावर पेट्रोल किंवा रॉकेल मारू नका.

गॅरेज मालक, रास्ता पेठ