मागे कोण बसणार?

आमच्या घरात माणसं सात आणि गाडी एक, तीही 2014 ची हॅचबॅक. त्यामुळे दरवर्षी गणपतीला गुहागरला जायचं म्हटलं की पाच जण गाडीत आणि उरलेले दोघं स्वारगेटहून एसटीने, आणि ते दोघं कोण यावरून घरात जुलैपासूनच धुसफूस सुरू होते. यंदा बायको म्हणाली बास झालं, सीटच्या तीन रांगांची घेऊ, आणि घेतोच आहोत तर हायब्रिड घेऊ, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. मी लगेच हो म्हणालो. मला वाटलं रांगा वाढल्या की भांडण मिटलं.

पुण्यात तीन रांगा आणि स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे नुसत्या मोटरवरही चालू शकते ती) असं दोन्ही पाहिजे म्हटलं की माणूस फिरून फिरून टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसपाशीच येतो, नाहीतर तीच गाडी मारुतीचा बिल्ला लावून इन्व्हिक्टो नावाने मिळते तिच्यापाशी. ही एसयूव्ही की एमपीव्ही यावर माझा मेव्हणा तासभर बोलू शकतो, आणि बोललाही. मला टेन्शन वेगळंच होतं, गाडीची लांबी 4755 मिलिमीटर. रात्री साडेदहाला टेप घेऊन पार्किंग मोजत होतो तर शेजारचे काका खिडकीतून म्हणाले, भिंत पाडताय की काय?

रविवारी आम्ही सातही जण शोरूमला. सेल्सचा मुलगा म्हणाला, सर बाकीच्यांना लाउंजमध्ये बसवू का? म्हटलं नाही रे, टेस्ट यांचीच आहे.

मी ऐटीत बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे आवाजच नाही, नुसती स्क्रीन उजळली. बाबा वीज मंडळातून रिटायर, त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "बॅटरी उतरलीये. उतरा सगळे, धक्का मारू." तो पोरगा बिचारा म्हणतोय काका गाडी चालूच आहे, सुरुवातीला मोटरवर असते, पण बाबा खाली उतरून बॉनेटला कान लावून आले आणि म्हणाले, मला तर काय ऐकू येत नाही बुवा. (त्यांना तसंही डाव्या कानाने कमीच येतं.)

मग आत्याने विचारलं, रात्री चार्जिंगला लावायची कुठे, आपण चौथ्या मजल्यावर, एवढी लांब वायर? पोराने समजावलं की प्लगच नाहीये, ब्रेक मारला की मोटर जनरेटरसारखी फिरते आणि बॅटरी भरते. बाबा म्हणाले, "सगळी नोकरी मंडळात काढली, फुकटचं एक युनिट बघितलं नाही." तसं बघितलं तर बाबाच बरोबर होते, प्लग नाही म्हटल्यावर सगळी वीज शेवटी पेट्रोलचीच. साध्या गाडीत ब्रेक तापून जे वाया जातं त्यातलं थोडं ही परत खिशात टाकते, एवढंच. पण एवढंच म्हणजे काय ते सिंहगड रोडला कळलं. बंपरला बंपर, सगळे हॉर्न मारतायत आणि आमची गाडी इंजिन बंद करून गपचूप सरकतीये, स्क्रीनवरचा मायलेजचा आकडा वर चढतोय. ट्रॅफिक बघून खुश झालेला पहिला पुणेकर मी असेन. बायको म्हणाली अजून एक सिग्नल घे ना.

आकडेमोड मात्र घरी येऊन केली, आणि ती करणंच चूक झालं. कंपनीचा मायलेजचा आकडा हायब्रिडला लिटरमागे 23.24 किलोमीटर, साध्या पेट्रोलला 16.13. आमचं रनिंग वर्षाला धरा 10,000 किलोमीटर, म्हणजे वाचणार साधारण 190 लिटर, पेट्रोल 104 धरलं तर वीसेक हजार रुपये. आणि माझ्या हातातल्या दोन कोटेशनमधला फरक सहा लाखांच्या आसपास (फीचर्सही वेगळे आहेत, मान्य). म्हणजे वसूल व्हायला 30 वर्षं. मी तेव्हा 76 चा असेन, बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आणि रजिस्ट्रेशनच मुळात 15 वर्षांचं. हा कागद मी बायकोला दाखवला नाही.

दुसऱ्या टेस्ट ड्राइव्हला आई खरं सामान घेऊन आली. दोन बॅगा, गौरीचे मुखवटे ठेवायची पेटी, मोदकपात्र आणि तिची घडीची खुर्ची. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर डिकी 300 लिटरची. बाबा म्हणाले, आपली गच्चीवरची टाकीच 500 ची आहे! पेटी गेली, खुर्ची राहिली. मागची रांग पाडली की 991 लिटर, सगळं सामान ऐसपैस बसतं, येताना नारळसुद्धा. फक्त माणसं कमी करायची. म्हणजे परत स्वारगेट.

मग बसायचं. आईचे गुडघे, म्हणून ती मधल्या रांगेत, आणि तिथली ती पाय वर उचलणारी सीट तिने बटण दाबून एकदा वर केली ती खाली कशी करायची कळेना, दहा मिनिटं दाताच्या डॉक्टरकडे पडल्यासारखी पडून होती पण उठायला तयार नाही. शेजारी बाबा, ते झोपलेच. आत्याला गाडी लागते, कुंभार्ली घाटात तर हमखास, म्हणून ती पुढे. दोन्ही पोरांना खिडकीच पाहिजे. आणि स्टिअरिंगवर बायको, कारण तिला गाडी भयंकर आवडली.

उरलेली जागा एकच, तिसऱ्या रांगेत मधली. खरं सांगायचं तर दोघांना तिथे काही त्रास नाही, पाठ मागे होते, एसीची हवा येते. मी तिसरा.

पुढे काय बोलणं चाललंय ते मागे नीट ऐकू येत नाही. शोरूमचा पोरगा खिडकीत वाकून काहीतरी विचारत होता, बायको मान हलवत होती, आत्या म्हणाली पांढरी नको. आणि माझ्या फोनवर ओटीपी आला.

"अहो, सांगा लवकर!"

मी मागून ओरडून सहा आकडे सांगितले, आईने बाबांना उठवलं, बाबांनी ते पुढे पोचवले आणि त्यात चाराचा सात केला. मग दुसरा ओटीपी आला.