व्हॅलियंट, त्रिंकोमाली आणि मुंबईत बांधलेली गोदी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दुसऱ्या महायुद्धातल्या ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचा लेख वाचून तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. ८ ऑगस्ट १९४४ रोजी श्रीलंकेतल्या (तेव्हाच्या सिलोनमधल्या) त्रिंकोमालीला व्हॅलियंटला उचलताना मोडून बुडालेली तरंगती गोदी (दुरुस्तीसाठी जहाज पाण्याबाहेर उचलून धरणारी तरंगती रचना) मुंबईत बांधलेली होती. ५०,००० टन उचलणारी गोदी त्याहून कितीतरी हलक्या जहाजाखाली मोडते, म्हणजे ती युद्धाच्या घाईत कच्चीच बांधली असणार. पण मुंबईच्या अभिमानापोटी मी दोष पंप चालवणाऱ्यांवर ढकलला. दुसरं, मुंबईत १९१४पासून ह्यूजेस ड्राय डॉक ही किनाऱ्यावरची सुकी गोदी असताना जहाज तिथे का आणलं नाही, हे लेखात नाही. तिसरं, इटालियनांनी १९४१मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला लावलेल्या सुरुंगानेच व्हॅलियंट संपली होती. आणि चौथं, १९४४ साली एक जुनी युद्धनौका गेली काय नि राहिली काय, फरक काय पडला?

पहिल्या आक्षेपात जे गणित तुम्ही मांडलंत, ते वरवर पाहता बिनतोड वाटतं. व्हॅलियंट पूर्ण भरलेली असताना ३६ हजार टनांच्या आसपास होती. गोदीची क्षमता ५०,००० टन. मग १४ हजार टनांची सवलत असताना मोडली कशी? पण तरंगत्या गोदीची ‘क्षमता’ म्हणजे तिच्या तळातल्या सगळ्या टाक्या मिळून एकूण किती उचलू शकतात तो आकडा. गोदी किती वाक सोसू शकते हे त्या आकड्यात येत नाही. त्रिंकोमालीला वजन उचलण्याची ताकद अपुरी पडली नव्हती. गोदी वाकून मोडली.

गोदी उचलते कशी ते पाहू. तळाशी लांबरुंद पोकळ पोंटून, त्यात आडव्या-उभ्या भिंतींनी पाडलेल्या टाक्या, आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती. टाक्यांत पाणी सोडलं की गोदी खाली बसते आणि जहाज आत ओढून घेता येतं. मग पंपांनी पाणी उपसायला लागलं की गोदी वर येते, आणि जहाजाचा कणा मधोमध रांगेने मांडलेल्या ठोकळ्यांवर टेकतो. इथपर्यंत सोपं आहे. खरं काम कणा टेकल्यापासून सुरू होतं, कारण त्या क्षणापासून समुद्राने पेललेलं जहाजाचं वजन थोडंथोडं करून गोदीवर यायला लागतं, आणि ते लांबीभर सारखं येत नाही.

युद्धनौकेचं वजन ठिकठिकाणी एकवटलेलं असतं. व्हॅलियंटला १५ इंची तोफांची चार टरेट (तोफांचे फिरते बुरूज) होती, दोन पुढे नि दोन मागे. एकेका टरेटचा फिरता भागच साडेसातशे टनांच्या वर, त्याखाली चिलखती नळकांडं, आणि त्याहीखाली दारूगोळ्याच्या कोठ्या. मध्यभागी बॉयलर नि टर्बाइन. उलट नाळेकडे आणि मागच्या टोकाला जहाज निमुळतं होतं, आणि जहाजाच्या टोकांपलीकडे गोदीची जी लांबी उरते तिच्यावर तर काहीच भार नसतो. म्हणून नियम असा की प्रत्येक टाकीने तिच्या डोक्यावर जेवढं वजन आहे तेवढंच, फार तर थोडं कमी-जास्त, उचलावं. ज्या टाकीवर वजन नाही तिच्यात पाणी ठेवायचं. कुठली टाकी कधी नि किती रिकामी करायची, याचा तक्ता त्या विशिष्ट जहाजाच्या आराखड्यावरून आधी करावा लागतो. एका जहाजाचा क्रम दुसऱ्याला चालत नाही, आणि त्याच जहाजाचासुद्धा भरलेलं असताना वेगळा नि रिकामं असताना वेगळा.

टोकाच्या टाक्या लवकर उपसल्या तर काय होतं? समजा, एका टोकाला भारापेक्षा १,००० टन जास्त उचल तयार झाली आणि ते टोक गोदीच्या मध्यापासून ८० मीटरवर आहे. म्हणजे मध्यावर ८०,००० टन-मीटरचा वाकवणारा जोर आला. (हा आकडा केवळ समजण्यासाठी, त्या दिवसाचा नव्हे.) दोन्ही टोकं वर खेचली जातात, मध्यभाग जहाजाच्या वजनाने खाली दाबला जातो. पोंटूनचा तळ ताणला जातो, बाजूच्या भिंतींचा माथा दाबला जातो, आणि दाबाखालचा पातळ पत्रा एका मर्यादेनंतर फुगून दुमडतो. एकदा दुमडला की तेवढ्या जागेची ताकद गेली, शेजारच्या पत्र्यावर भार आला, तोही दुमडला. हे सगळं एकूण वजन क्षमतेच्या निम्म्यावर असतानासुद्धा होऊ शकतं. हे टाळण्यासाठी भिंतीच्या माथ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दृष्टिरेषा धरून मधला भाग किती खाली गेला ते सतत मोजतात, आणि वाक ठरलेल्या हद्दीकडे जायला लागला की पंप थांबवून टोकाच्या टाक्यांत पाणी परत सोडतात.

त्रिंकोमालीला टाक्या ज्या क्रमाने रिकाम्या झाल्या, तो क्रम व्हॅलियंटच्या वजनाच्या वाटणीशी जुळणारा नव्हता. गोदीच्या टोकांवर सोसण्यापलीकडे ताण आला आणि तिचा कणा मोडला. त्यात जहाजावर दारूगोळा पूर्ण भरलेला होता. तो किती, याचा अंदाज करून पाहा: १५ इंची गोळा ८७९ किलोचा, त्यामागे कॉर्डाइटची (गोळा उडवणाऱ्या दारूची) भरती १९४ किलोची. आठ तोफा, तोफेमागे सुमारे १०० गोळे. म्हणजे फक्त मोठ्या तोफांचाच दारूगोळा साडेआठशे टनांच्या घरात, आणि तोही सगळा टरेटांखाली एकवटलेला. वीस ४.५ इंची तोफांचा वेगळा. साधारण रीत अशी की जहाज गोदीत घेण्याआधी दारूगोळा उतरवायचा. एक कारण स्फोटाचं, दुसरं हेच.

या प्रकरणी कोर्ट मार्शल झालं ते गोदीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यावर. तुम्ही म्हणाल, साहेबांनी खालच्या माणसावर ढकललं असेल. तरी एक गोष्ट उरतेच: टाक्यांचा चुकलेला क्रम आणि भरलेल्या कोठ्या ही दोन कारणं सुदृढ गोदीही मोडायला पुरेशी आहेत. बांधकाम कच्चं होतं असं म्हणायचं तर त्यासाठी वेगळा पुरावा हवा. गोदी मोडली म्हणून कच्ची, आणि कच्ची म्हणून मोडली, हा पुरावा होत नाही. मुंबईच्या ज्या कामगारांनी युद्धकाळात ते अवाढव्य काम उभं केलं, त्यांच्या माथी पुराव्यावाचून दोष मारू नये असं मला मनापासून वाटतं.

उलट बाजूचा दाखला व्हॅलियंटच्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९४१मध्ये नाळेकडे भगदाड पडलेली, आत पाणी भरलेली, म्हणजे वजनाची वाटणी पार बिघडलेली हीच युद्धनौका अलेक्झांड्रियाच्या तरंगत्या गोदीत घेतली गेली आणि नीट उचलली गेली. अवघड अवस्थेतलं जहाज नीट क्रमाने उचललं तर उचललं जातं.

आता ह्यूजेस ड्राय डॉक. १,००० फूट लांबीची ती सुकी गोदी साडेसहाशे फुटांच्याही आतल्या व्हॅलियंटला लांबीने सहज पुरली असती. अडचण रुंदीची. गोदीचं तोंड १०० फुटांचं, आणि पाणतीरांपासून (टॉर्पेडोंपासून) बचावासाठी दोन्ही अंगांना जोडलेल्या फुगवट्यांमुळे व्हॅलियंटची रुंदी झाली होती १०४ फूट. चार फुटांनी जहाज बाहेर राहतं. मूळ बांधणीत, १९१४ साली, ती आत गेली असती. फुगवटे नंतर आले. सिंगापूरची मोठी सुकी गोदी १९४२पासून जपान्यांच्या ताब्यात होती, आणि तिथली ब्रिटिशांची तरंगती गोदी त्यांनी स्वतःच बुडवली होती. डरबन हिंदी महासागराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणूनच त्रिंकोमालीला मोठी तरंगती गोदी हवी होती, आणि म्हणूनच ती मुंबईत बांधून तिकडे नेली गेली.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल. १९ डिसेंबर १९४१च्या पहाटे लुईजी दुरांद दे ला पेन्ने आणि एमिलिओ बियांकी या दोघा इटालियनांनी माणसांनी चालवायचा पाणतीर अलेक्झांड्रियाच्या बंदरात घुसवला. त्याचा पंखा अडकला, बियांकी बेशुद्ध होऊन वर आला, तरी दे ला पेन्नेने तो एकट्याने गाळातून ओढत व्हॅलियंटच्या तळाखाली नेला. दोघे पकडले गेले, व्हॅलियंटचे कॅप्टन चार्ल्स मॉर्गन यांनी त्यांना जहाजाच्या तळातल्या खोलीत ठेवलं, आणि स्फोटाआधी काही मिनिटं दे ला पेन्नेने फक्त एवढंच सांगितलं की जहाज उडणार आहे. कुठे, ते नाही. सकाळी सहाच्या सुमारास ३०० किलोंचा सुरुंग फुटला. नुकसान मोठं होतं, पण ते पुढच्या भागात. बॉयलर, टर्बाइन, शाफ्ट (पंखे फिरवणारे दांडे) शाबूत राहिले, आणि हाच फरक निर्णायक असतो: तळाचा पत्रा बदलता येतो, यंत्रसामग्री गेली तर वर्ष जातं. डरबनला कायमची दुरुस्ती होऊन १९४२च्या मध्यावर जहाज पुन्हा समुद्रावर आलं. जुलै १९४३मध्ये सिसिली, सप्टेंबरात शरण आलेल्या इटालियन आरमाराला माल्टापर्यंत सोबत, मग सालेर्नोच्या किनाऱ्यावर भडिमार. १९४४च्या सुरुवातीला हिंदी महासागर, आणि २५ जुलै १९४४ रोजी सुमात्राच्या टोकाजवळच्या सबांगवर क्वीन एलिझाबेथ, रिनाउन आणि फ्रेंच रिशल्यू यांच्या जोडीने तोफांचा मारा. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी गोदी मोडली. १९४१मध्ये संपलेल्या जहाजाची ही यादी नव्हे.

जाता जाता: मॅटपनच्या लढाईत (२८ मार्च १९४१) व्हॅलियंटचं रडार हे ‘फुगवून सांगितलेलं’ असंही तुम्ही लिहिलंत. ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल कनिंगहॅम ज्या वॉरस्पाइट या युद्धनौकेवर होते तिच्यावर रडार नव्हतं. अंधारात थांबलेल्या ‘पोला’ या इटालियन क्रूझरचं अंतर नि दिशा कळली ती व्हॅलियंटकडून. यात फुगवण्यासारखं काही नाही.

गोदी मोडल्यावर जहाजाचं काय झालं, हे मूळ लेखात मी दोन वाक्यांत आटोपलं होतं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्यातच आहे. बॉयलरमध्ये वाफ धरून ठेवलेली होती, म्हणून व्हॅलियंट बुडत्या गोदीतून निभावली. पण मागच्या भागाला मार बसला: चार पंख्यांपैकी आतले दोन अडकले आणि दोनांतलं एक सुकाणू निकामी झालं. जहाज सरळ चालेना आणि वेग ८ नॉटच्या वर जाईना. न फिरणारा पंखा पाण्यात आडवा धरलेल्या फळीसारखा रोध करतो, आणि त्यात सुकाणूही जायबंदी. अलेक्झांड्रियाला न्यायचं ठरलं, पण अशा अवस्थेत सुएझ कालव्यात शिरणं म्हणजे कालवा बंद पाडण्याचा धोका. जहाज सुएझच्या उपसागरातच थांबलं.

तिथे आरमाराचे पाणबुडे आणि बुडित जहाजांच्या कामातले जाणकार पीटर कीबल यांच्या देखरेखीखाली जे झालं ते अजोड आहे. दोन्ही आतले शाफ्ट पाण्याखालीच कापायचे ठरले. वापरलं ते तेव्हा नवं असलेलं ऑक्सि-आर्क यंत्र: पोकळ विद्युतदांडा, टोकाला ठिणगीने पोलाद वितळतं आणि दांड्याच्या पोकळीतून येणारा ऑक्सिजन ते जाळत बाहेर फेकतो. कापायची जागा नेमकी निवडावी लागली. शाफ्ट जिथे जहाजाबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा ग्लँड असतो, आणि मागे पंख्याजवळ शाफ्टला पेलणारा ‘ए’ आकाराचा कंस. ग्लँडला धक्का लागला तर पाणी आत. म्हणून काप ग्लँड आणि कंस यांच्या मधोमध. शाफ्ट तुटले तरी कंस लोंबकळतच होते, तेव्हा तेही कापले, आणि पंखे, शाफ्ट, कंस असा सगळा डोलारा तळाशी गेला. उरलेल्या दोन बाहेरच्या पंख्यांवर व्हॅलियंट इंग्लंडला पोहोचली.

फरक काय पडला, विचारता? पूर्वेकडच्या आरमाराची एक पूर्ण कार्यक्षम, १९३०च्या दशकाअखेर नव्याने उभारलेली युद्धनौका एका दिवसात बाद झाली, आणि तिच्यासोबत मोठी जहाजं उचलू शकणारी त्या भागातली गोदीही गेली. पुढच्या प्रत्येक मोठ्या जहाजाला तळ साफ करायला, शाफ्ट पाहायला पुन्हा दूर जाणं आलं, आणि तेवढे आठवडे ते जहाज मोहिमेत नाही. व्हॅलियंट स्वतः पुन्हा लढाईवर गेली नाही. जुलै १९४५मध्ये ती सेवेतून काढली, डेव्हनपोर्टला प्रशिक्षणासाठी वापरली, आणि मार्च १९४८मध्ये मोडीत विकली.