चुली मोजून कुटुंब मोजता येत नाही

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं आणि वाघोली मागे पडली की लोणीकंद लागतं. १८१९ साली, पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरानं या गावाची बारकाईनं पाहणी केली. जमीन किती, जनावरं किती, कर्ज कुणाचं, कोण कुणाच्या घरात राहतं, सगळं लिहून काढलं. १८२३ साली ते छापून आलं. पुढे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला, त्यांचं पुस्तक १९६० चं. नंतर पॉलिन कोलेंडा या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १८१९, १९५८ आणि १९६७ अशा तीन वेळच्या लोणीकंदची घरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकत्र राहणाऱ्या घरांचं प्रमाण दीडशे वर्षांत घटलं नव्हतं, उलट वाढलं होतं.

हे सांगायचं कारण असं की ‘पूर्वी सगळे एकत्र राहायचे, आता कुटुंबं मोडली’ हे वाक्य पुण्यात इतक्या सहज म्हटलं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाला वाटत नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, सोसायटीतली ज्येष्ठ नागरिकांची व्याख्यानं, अगदी एम. ए. चे प्रबंधसुद्धा याच वाक्यापासून सुरू होतात. मग पुढची शंभर पानं त्याची कारणं शोधण्यात जातात. जे झालं की नाही हेच ठरलेलं नाही, त्याची कारणं!

लोणीकंदचा आकडा उलटा का आला, याचं उत्तर साधं आहे. एकत्र कुटुंब व्हायला आधी माणसं जगावी लागतात. बाप बाविशीचा असताना मुलगा झाला आणि मुलाचं लग्न विसाव्या वर्षी झालं, तर सासरा-सून एका घरात दिसायला बाप निदान बेचाळीसपर्यंत जगायला हवा. लग्न झालेले दोन भाऊ आणि वर म्हातारे आईबाप असं घर हवं असेल तर पन्नाशी गाठायला हवी, आणि दोन मुलगे वाचायला हवेत. १९११ ते २१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे विशीत मरत होते असा नाही. बालमृत्यू आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांनी सरासरी खाली ओढली होती. पण दोन-तीन मुलगे वाचलेत आणि आईबापही हयात आहेत, अशी घरं मुळात कमी होती हे त्यातून कळतं. लोणीकंदबद्दल तर १८०२ ची होळकरांची स्वारी आणि १८०३-०४ चा दुष्काळही हिशेबात धरायला हवा. कोट्स गावात पोचला तेव्हा ते सगळं पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचंच होतं. आज आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. तीन पिढ्या एकाच वेळी जिवंत असणं ही आपल्या काळातली गोष्ट आहे, आजोबांच्या काळातली नव्हे.

मग मोडल्याची समजूत आली कुठून? थोडी सिद्धांतातून, थोडी मोजणीतून.

सिद्धांत असा: कारखाने आले, शहरं आली, पगाराची नोकरी आली की माणूस बदलीच्या गावी नवरा-बायको-मुलं एवढंच घेऊन जातो, म्हणून मोठं कुटुंब गळून पडतं. टॅलकॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं अमेरिका डोळ्यांपुढे ठेवून हे मांडलं आणि तिथल्याच विल्यम गूडनं १९६३ मध्ये ते जगाला लावून पाहिलं, बऱ्याच सावधगिरीनं. आपल्याकडे येताना सावधगिरी गळली आणि सूत्र तेवढं उरलं. पीटर लॅस्लेट या इंग्रज इतिहासकारानं पुढे खुद्द इंग्लंडचे जुने दप्तर तपासून दाखवलं की तिथली घरं कारखाने येण्याआधीपासूनच लहान होती. म्हणजे ज्या देशावरून सूत्र काढलं, तिथेच ते नीट बसत नव्हतं.

मोजणीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जनगणनेचं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी, एरवी एकत्र राहणारी माणसं. जनगणनेच्या कामाला ही व्याख्या योग्यच आहे, कारण प्रत्येक माणूस एकदा आणि एकदाच मोजला जायला हवा. पण १९५१ च्या जनगणनेच्या अहवालानं लहान घरांचं मोठं प्रमाण पाहून एकत्र कुटुंबाची रीत टिकत नसल्याचा अंदाज काढला, आणि गल्लत तिथे पक्की झाली. चूल हे घराचं एकक आहे. कुटुंब त्याहून मोठंही असू शकतं आणि लहानही.

हे पुण्यातच फार नीट सांगून झालेलं आहे. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरच्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या केली, तिच्यात पाच गोष्टी आहेत: एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार आणि ठरावीक प्रकारचं नातं. छपराबद्दल लिहिताना त्यांनी ‘सामान्यतः’ हा शब्द घातलाय, तो वाचणारे विसरतात. पुढे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेतल्या महुव्यात अभ्यास केला (पुस्तक १९६४ चं) आणि म्हटलं की राहणं सोडा, एकमेकांची जबाबदारी कोण उचलतं ते बघा. एकत्रपणा असतो किंवा नसतो असं नाही, तो कमी-जास्त असतो. ए. एम. शहांनी १९७३ मध्ये ‘घर’ आणि ‘कुटुंब’ हे शब्दच वेगळे वापरायला लावले. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. पुण्यात कुटुंबाची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न असतो, ‘कुटुंबाचा प्रकार: एकत्र / विभक्त’. हा प्रश्न काढून टाका. उत्तर देणारा त्यावर आपलं मत देतो, माहिती देत नाही. एका मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट घेतलेले दोन भाऊ समजा. थोरला म्हणेल, ‘आम्ही एकत्रच.’ धाकट्याची बायको म्हणेल, ‘आम्ही वेगळे.’ दोघंही खरं बोलतायत. दोन गॅस कनेक्शन, दोन रेशनकार्डं, दोन वीजमीटर. पण पोळ्यांच्या मावशी एकच, त्या आधी इकडे लाटतात मग तिकडे, पैसे महिन्याआड एकेक भाऊ देतो. आईचा डबा सकाळी या घरून, रात्री त्या घरून. भोरकडची जमीन अजून वाटलेली नाही. गौरी थोरल्याकडेच बसतात आणि धाकटी सून त्या तीन दिवसांत स्वतःची चूल पेटवत नाही. याला कुठल्या चौकटीत टिकमार्क करणार?

म्हणून विचारायचं ते असं. ‘घरात किती माणसं?’ याच्याऐवजी ‘काल रात्री या ओट्यावरचं कोण कोण जेवलं?’ काल ही वेळ ठरलेली असते, त्यामुळे आठवून सांगावं लागतं, सजवून सांगता येत नाही. स्वयंपाकघराबद्दल तीस दिवसांपलीकडे जाऊ नका. पैशाबद्दल मात्र बारा महिने घ्या, कारण मोठे पैसे वर्षातून दोन-तीनदाच हलतात: शाळेची फी, दवाखाना, लग्न, बोअरवेल. रक्कम विचारली की दार बंद होतं. ‘गेल्या वर्षात गावी किंवा भावाला किती वेळा पैसे पाठवले, आणि सगळ्यात मोठं कारण काय होतं’ एवढं विचारलं की बहुतेक लोक मोकळेपणानं सांगतात. चुलीचे प्रश्न बाईला विचारायचे आणि मालमत्तेचे दोघांनाही, पण वेगवेगळे. सासऱ्यांच्या समोर सून चुलीबद्दल खरं बोलणार नाही. हा तिचा खोटेपणा नव्हे, पाहणी करणाऱ्याचा निष्काळजीपणा आहे.

नमुना निवडतानाही घोळ होतो. सोसायटीच्या यादीतून दर पाचवा फ्लॅट घेतला की कुलूपबंद घर लागलं म्हणून मुलं शेजारचं दार वाजवतात. कामाच्या दिवशी दुपारी उघडं दार म्हणजे घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असलेलं दार. नोकरी करणारं जोडपं आपोआप यादीतून गळतं आणि एकत्र घरं फुगतात. त्याच घरी तीनदा जायचं, त्यातली एक फेरी रविवारी सकाळी. तरी कुलूप असेल तर ‘कुलूप’ अशीच नोंद करायची.

कागदपत्रांत सातबारा आणि फेरफार बघायला मिळाले तर फार उपयोगी. जुन्या नोंदींत नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असं दिसतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हिंजवडीत तीन पिढ्या वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये राहतायत आणि सातबाऱ्यावर चुलते-पुतणे मिळून नऊ नावं, असं हवेली-मुळशीत सर्रास आढळतं. उलटही असतं: एकाच वाड्यात राहतात, पण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप होऊन वीस वर्षं झालीयत. आणि चुली कागदावर वेगळ्या होण्याला घरातलं भांडणच लागतं असं नाही. घरकुलाच्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेल्या मुलाला स्वतंत्र लाभार्थी व्हायचं असेल तर रेशनकार्ड वेगळं करणं सोयीचं पडतं. तेवढ्यावरून कुटुंब फुटल्याचा निष्कर्ष काढणं चूक.

आणखी एक कागद, जो प्रत्येक घरात सापडतो आणि कुणी मागत नाही: लग्नपत्रिका. वर कुलदैवताचं नाव, खाली आजोबांची नात किंवा नातू म्हणून ओळख, मग ‘आपले नम्र’ किंवा ‘निमंत्रक’. त्या निमंत्रकांची नावं उतरवून घ्या आणि प्रत्येकासमोर नातं आणि राहतं ठिकाण लिहा. भावकी किती लांबपर्यंत मोजली जाते ते तिथे दिसतं. पत्रिकेत मुलीच्या आईच्या माहेरचे कुणी आहेत का, हे मुद्दाम बघा. त्याच्या जोडीला सुतकाचा प्रश्न विचारा: गेल्या वेळी कुणाचं सुतक पाळलं, किती दिवस, दहा की तीन? रूढीनं लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवस. ती आज किती दिवस पाळते आणि कुठल्या घरी राहून, हे विचारलं की कुटुंबाची सीमा कुठे सरकतेय ते कळतं.

माझ्या मते खरा बदल इथेच आहे, आणि एकत्र की विभक्त या वादात तो दिसेनासा होतो. जावयाच्या घरचं पाणी न पिणारी पिढी पुण्यात बघता बघता संपली. आज मुलीचं बाळंतपण झालं की तिची आई सहा महिने, वर्षभर मुलीच्या फ्लॅटमध्ये राहते. वडील गेल्यावर कायमची मुलीकडे येऊन राहणारी आई आता नवलाची नाही. कितीतरी घरांत मुलीच्या पगारातून तिच्या आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता जातो. देसाईंची कसोटी लावली, म्हणजे जबाबदारी कोण उचलतं ते पाहिलं, तर हे एकत्र कुटुंबच आहे. फक्त ते बापाकडून मुलाकडे न जाता आईकडून मुलीकडे जातंय. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या नेहमीच्या व्याख्येत याला जागाच नाही, आणि जनगणनेच्या घरयादीत ‘घरात किती विवाहित जोडपी राहतात’ हा जो एक प्रश्न असतो त्यातही हे उमटत नाही. मुलीकडे राहणारी विधवा आई म्हणजे जोडपं नव्हे.

आणि जबाबदारी सरकली तशी मालमत्ता सरकलेली नाही, याचा मला मनापासून राग येतो. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे मुलासारखंच जन्मापासूनचं वाटेकरी केलं, पण तो कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं हा हक्क देशभर दिला आणि लग्नाची अटही गेली. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. कायदा इतका पुढे आला, तरी वडिलांच्या तेराव्यानंतर भाऊ वारसनोंदीची बोलणी काढतो आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. ‘माहेर तुटायला नको’ हे कारण त्या स्वतःच सांगतात. वाघोली, मांजरी, म्हाळुंगे इथे एक एकर म्हणजे कोटींची गोष्ट झाल्यापासून कुठे कुठे बहिणी सही नाकारतात, मग दिवाणी दावा पडतो आणि गाव म्हणतं पैशानं कुटुंब मोडलं. ज्या बहिणीनं शेवटचं दीड वर्ष आईचं अंथरूण काढलं, तिनं आपला हिस्सा मागितला तर कुटुंब मोडतं, आणि भावानं सगळं ठेवून घेतलं तर ते एकत्र राहतं! हा अर्थ अभ्यासकांनी तरी स्वीकारू नये.

म्हणून यंदा पाहणीला निघणाऱ्या मुलामुलींना विनंती. फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवा: आईवडिलांच्या शेवटच्या मोठ्या आजारपणात ते कुणाच्या घरी होते, खर्च कुणी किती वेळा दिला, आणि हक्कसोडपत्र झालं असेल तर ते आजारपणाच्या आधी की नंतर. भावाला आणि बहिणीला वेगवेगळं विचारा, शक्य असेल तर दोन्ही घरी जाऊन. आणि हे प्रश्न शेवटच्या पानावर टाकू नका, दुसऱ्या पानावर घ्या. अर्धा-पाऊण तास झाला की समोरच्या बाईला स्वयंपाकाला उठायचं असतं, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं उत्तर ‘आम्ही सगळ्यांनी मिळूनच केलं’ एवढ्यावर थांबतं.